शिट्टीआधीचा तुकडा

त्या सकाळी ट्राम चर्चसमोरून निघून गेली आणि ब्लाझेनाच्या हाताने काहीच केलं नाही. पुढचा थांबा आला, माणसं चढली, कोणाचा तरी ओला कोट तिच्या गुडघ्याला घासून पुढे सरकला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. कोटाच्या खिशात, रुमालाच्या आड, अंगठ्याने बोटावर एक बारीकसा क्रूस काढायचा, हा तिचा रोजचा नेम होता. लग्न होऊन प्रागला आली तेव्हा ती चारचौघींसारखी कपाळापासून छातीपर्यंत हात न्यायची. मग पहिल्या नोकरीतल्या एका मैत्रिणीने, वाईट मनाने नव्हे, काळजीनेच, कानात सांगितलं होतं की लोक बघतात गं. तेव्हापासून तो क्रूस गळपट्टा सारखा केल्यासारखा छातीपुरता झाला, पुढे कोटाच्या गुंडीपुरता झाला, आणि मुलगी, वेंदुला, शाळेत जायला लागली त्या वर्षी खिशात उतरला. लहान होत होत नखाएवढा झाला होता, पण होता. आणि आज तो नव्हता. कोणी हात धरला नव्हता, कोणी बघत नव्हतं, समोरचा म्हातारा तर चक्क झोपला होता. तिने मागे वळून पाहिलं. काचेवर वाफ धरली होती आणि काचेपलीकडे नुसतं राखाडी काहीतरी सरकत होतं. आता काढावा का, असं तिच्या मनात आलं. पण चर्च मागे पडल्यावर, आठवण झाली म्हणून काढलेला क्रूस कुणासाठी, असंही वाटलं, आणि हात तसाच राहिला. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं काहीतरी चुकलं, आणि ते चुकलेलं मग दिवसभर जागेवर बसलं नाही.

नदीवरच्या टेकडीवर, स्टुडिओच्या मागच्या बाजूला तिची संकलनाची खोली होती. खिडकीला काळा पडदा, टेबलावर फीत फिरवायच्या दोन चकत्या, भिंतीशी कापलेल्या पट्ट्या टांगायची खुंट्यांची चौकट आणि तिच्याखाली कापडाचं अस्तर लावलेली मोठी टोपली. दुपारी मंजुरीचा खेळ होता. वरून माणसं येणार, चित्रपट बघणार, आणि लोकांनी तो बघावा की नाही हे ठरवणार. आणि त्याआधी ब्लाझेनाला एक काम करायचं होतं, जे एरवी तिने चहा निवायच्या आत केलं असतं. चित्रपटात एका ठिकाणी घंटेचा आवाज घालायचा होता. ध्वनिफितीवर घंटा कालच येऊन पडली होती, डब्यावर तिची चिठ्ठीही होती. चांगली भरदार घंटा होती.

काम सांगितलं होतं पेशाटने. पेशाट हा त्यांच्या निर्मिती गटाचा प्रमुख, गोल, गुलाबी, सदा घामेजलेला माणूस; वरच्यांना घाबरायचा आणि खालच्यांना ते लपवायचा नाही, म्हणून कोणाला त्याचा फार राग येत नसे. सोमवारी तो खोलीत आला, दार लावलं, टोपलीच्या काठावर बसायला गेला आणि ब्लाझेनाने वेळेवर खुर्ची पुढे केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. चित्रपटात एक गाव आहे. लढाईत गावची घंटा जर्मनांनी वितळवायला नेली. तरी रोज दुपारी बारा वाजता गावातली सगळी माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात, टोप्या काढतात, आणि काहीच ऐकू येत नसताना ऐकल्यासारखं करतात. गावात नवा आलेला मास्तर टोपी काढत नाही, तर हळूहळू सगळं गाव त्याच्यावर उलटतं. आता हे वरच्यांनी बघितलं तर ते विचारणार, बाबांनो, ही न वाजणारी घंटा म्हणजे नेमकं काय? आणि ती माणसं म्हणजे कोण? दीड वर्षापूर्वी रशियाचे रणगाडे आले नसते तर कोणी विचारलंही नसतं, हसून सोडून दिलं असतं. "तेव्हा घंटा वाजू दे, कोपालोवाबाई," पेशाट म्हणाला होता. "घंटा वाजते, माणसं टोप्या काढतात. झालं. लोकजीवन. कोणाच्या बापाची हिंमत आहे लोकजीवनाला नाव ठेवायची?" आणि मग जाता जाता, दाराशी थांबून, वेंदुलाच्या वरच्या शाळेतल्या प्रवेशाचं काय झालं हे त्याने विचारलं. धमकी नव्हती ती. त्याच्याही घरात मुली होत्या. फक्त दोन गोष्टी त्याने एका दमात विचारल्या, आणि त्या दोन्ही एकाच टेबलावरून जातात हे दोघांनाही ठाऊक होतं.

घंटा दिवसभर वाजवून बघितली तरी तिच्यात खोट नव्हती. खोट असलीच तर ती घंटेखाली काय जाणार यात होती. चित्रपटातल्या त्या जागी आवाज नाही असं प्रेक्षकाला वाटतं, पण आवाज नसलेली फीत मेलेली वाटते, लोकांना यंत्र बिघडल्याचा भास होतो. म्हणून शांततासुद्धा त्या त्या जागी जाऊन भरून आणावी लागते. ही शांतता ब्लाझेनाच्या गावची होती. मोराव्हियातलं तिचं माहेर, चित्रीकरण तिथेच झालं होतं, आणि फितीवर वारा होता, लांबवर एक बदक होतं, आणि माइकच्या जवळ उभे असलेले तिचे वडील दुपारची प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हणत होते. ध्वनीच्या माणसांना तो वारा वाटला होता. तिला वाटला नव्हता. वडील त्याच हिवाळ्यात गेले. त्यांचे दोन-तीन फोटो होते, एकात डोळे मिटलेले. आवाज एवढाच होता.

खरं तर सगळी गोष्टच त्यांची होती. घंटा नेली तेव्हा ब्लाझेना शाळेत होती. बुरुजावरून ती दोरांनी उतरवली, आणि न्यायला गाडी गावचीच, घोडाही गावचाच, शेजारच्या हानुशचा पांढरा. पोरं गाडीमागे बरीच लांब गेली. परत आली तेव्हा बारा वाजून गेले असावेत, कारण वडील शेताच्या बांधावर टोपी हातात घेऊन उभे होते. ती म्हणाली, बाबा, वाजली कुठे? ते म्हणाले, वाजली नाही, पण वेळ झालीच की पोरी. लढाई संपली, नव्या घंटेसाठी गावाने वर्गणी काढली, मग कम्युनिस्टांचं राज्य आलं, आणि घंटा आलीच नाही. पण माणसं थांबत राहिली. सगळी एकदम नव्हे, हे सांगायला हवं. ज्याला त्याला आपापल्या अंदाजाने बारा वाजायचे. कोणी सावलीकडे बघायचं, कोणी पोटाकडे. वडील आधी थांबायचे, मग वरच्या अंगाची विधवा, मग लोहार. हानुश तर हमखास शेवटी, आणि त्याच्यावरून पोरं हसायची की हानुशकाकांच्या देवाचं घड्याळ मागे आहे. त्यात आज्ञा नव्हती, कवायत नव्हती. आता विचार केला तर तिला वाटायचं, घंटा होती तेव्हा माणसं घंटेसाठी थांबत असतील; ती गेल्यावरच कुणासाठी थांबायचं ते त्यांना स्वच्छ दिसलं असेल. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. असलं बोलायची ती जागा नव्हती.

एकदा मात्र बोलली होती. स्टुडिओच्या खानावळीत, डंपलिंग आणि रस्सा पुढ्यात, समोर राडोवान क्रुप्का. दिग्दर्शक क्रुप्का तिच्याहून दहाएक वर्षांनी धाकटा, बोलता बोलता हात इतके उडवायचा की शेजारी बसणाऱ्याने पेला जपावा. रणगाडे यायच्या आधीच्या त्या दिवसांत सगळेच मोकळं बोलत होते, हवाच तशी होती. तीही बोलून गेली. क्रुप्काचा घास हातातच राहिला. "ब्लाझेन्का, हे म्हणजे आपणच की," तो म्हणाला. "घंटा नाही, आणि आपण टोप्या काढतोय. वीस वर्षं." तिला म्हणायचं होतं की नाही, ते आपण नव्हे. पण तो इतका उजळला होता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं; ते त्याच्या डोळ्यांनी खरं होतं. दुसऱ्याच्या आनंदाला आपण बारीकसाही चिमटा काढू नये, म्हणून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यातून एक अख्खा चित्रपट उभा राहिला.

चित्रीकरणाला ती गेली होती, फक्त दोन दिवस, वडिलांना भेटायच्या निमित्ताने. गावकऱ्यांनाच उभं केलं होतं, पैसे बरे मिळत होते, म्हाताऱ्या स्वच्छ रुमाल बांधून आल्या होत्या. क्रुप्काला सगळ्यांचे हात एका क्षणी वर जायला हवे होते. गवतातून वारा जातो तसं नको, दरवाजा आपटतो तसं हवं, असं तो सांगत होता. लोकांना जमेना. शेवटी त्याने पोलिसाची शिट्टी मागवली. शिट्टी वाजायची आणि टोप्या खाली यायच्या, टप्प. हानुशची टोपीसुद्धा वेळेवर. वडिलांनीही केलं, चार-पाच वेळा केलं, आणि संध्याकाळी सूप पिताना म्हणाले, "सिनेमाची मंडळी चांगली आहेत गं तुझी. फक्त दुपारी फार घाई करतात." पण त्या दिवशी शिट्टीच्या आधी एक गंमत झाली होती. कॅमेरामन प्रकाश बघत होता, ध्वनीवाले माइक लावत होते, क्रुप्का कोणावर तरी ओरडून चढावाआड गेला होता, आणि तेवढ्यात खरोखरचे बारा वाजले. कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी टोपी काढली. मग विधवेने हातातली टोपली खाली ठेवली. मग लोहार. कॅमेरा चालूच होता, ध्वनिफीतही फिरत होती. हानुश शेवटी. क्रुप्काने तो तुकडा नंतर बघितला आणि टाकून दिला. ही काय देवळातली रांग आहे, म्हणाला, माणसं मेंढरांसारखी दिसायला हवीत. ब्लाझेनाने त्याची ध्वनिफीत तेवढी ठेवून घेतली, शांततेसाठी. चित्राची पट्टी कापडाच्या टोपलीत गेली. तिथून डब्यात. तो डबा तिने फेकला नव्हता एवढंच.

आता सकाळच्या त्या अंधाऱ्या खोलीत तिने घंटा लावली, बरोबर शिट्टीच्या जागी, आणि चकती फिरवली. घंटा वाजली, टोप्या निघाल्या. किती सोपं झालं होतं सगळं. गाव देखणं दिसत होतं, टपालाच्या तिकिटावरचं असावं तसं. वडिलांचे ओठ हलत होते आणि त्यांच्या अंगावरून ती भरदार घंटा चालत गेली. तिने पुन्हा लावून बघितलं. पुन्हा. नंतर ती टेबलाला हात टेकून बसून राहिली आणि तिला आठवलं ते अगदी भलतंच: गेल्या महिन्यात ज्या खोलीत एकेकाला बोलावत होते ती खोली, हिरवं मेजपोस, पाण्याचा जग, आणि रणगाड्यांबद्दलचा तो प्रश्न. मित्रराष्ट्रांच्या सैन्याने येऊन मदत केली हे तुम्हाला मान्य आहे का? तिच्या आधीचे मान्य म्हणून बाहेर आले होते, तिच्या नंतरचे मान्य म्हणून बाहेर येणार होते. ती मान्य म्हणाली. तो शब्द इतका हलका होता की तोंडातून गेल्याचं कळलंसुद्धा नाही. बाहेर येऊन तिने वेंदुलासाठी दुकानातून संत्री घेतली, कारण त्या दिवशी संत्री आली होती. तेव्हा तिला काहीच झालं नव्हतं. न दुखता गेलेल्या त्या शब्दाची तिला आज पहिल्यांदा भीती वाटली.

क्रुप्का आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तो हल्ली दार वाजवून यायला लागला होता. दाढी वाढलेली, हात दोन्ही खिशांत. तिने लावलेली घंटा त्याने ऐकली, तिच्याकडे पाठ करून, खिडकीच्या काळ्या पडद्याकडे तोंड करून, जणू पडद्यातून बाहेरचं काही दिसत होतं. मग म्हणाला की बरी आहे. म्हणाला की निदान लोक बघतील तरी, कपाटात पडून राहण्यापेक्षा. त्यालाही त्या हिरव्या मेजपोसाच्या खोलीत दुसऱ्यांदा बोलावलं होतं, आणि एका कागदावर सही मागितली होती, आणि त्याने अजून केली नव्हती, करणार होता. हे सगळं तो थट्टेच्या सुरात सांगत होता, पण सूर मधेच तुटायचा. "तुझ्या बापाला मी टोपी काढायला शिकवत होतो, ब्लाझेन्का. शिट्टीने," तो म्हणाला, आणि हसला, आणि ते हसू तिला बघवलं नाही. तिला वाटलं, याच्या डोक्यावर हात ठेवावा. तिने त्याला उरलेला चहा दिला. तो उभ्याउभ्या प्यायला आणि गेला.

त्याच्यामागे दार लागलं आणि तिने डबा काढला. आपण काय करतोय हे तिने स्वतःला विचारलं नाही, विचारलं असतं तर हात थांबला असता. पोळी उलटताना विचार केला की बोट भाजतं तसलं ते काम होतं. शिट्टीचा तुकडा तिने काढला, खुंटीला टांगला. शिट्टीआधीचा तुकडा त्या जागी चिकटवला. वडील, विधवा, लोहार, हानुश. घंटा काढली नाही. घंटा सांगितली होती, घंटा असेल. फक्त ती तिने पुढे सरकवली, हानुशची टोपी खाली आल्यावर आणखी दोन श्वासांइतकी. मधल्या त्या जागेत वारा होता, बदक होतं, आणि वडील होते. संकलन करणाऱ्याने दिग्दर्शकाला न विचारता तुकडा बदलायचा नसतो. बावीस-तेवीस वर्षांत तिने एकदाही असं केलं नव्हतं. चिकटपट्टी सरळ बसली.

खेळाच्या खोलीत सात-आठ माणसं होती. पुढच्या रांगेत मधोमध कॉम्रेड सेद्लाक, वरून आलेला, लांब, शांत, अंगावर चांगल्या कापडाचा सूट. शेजारी पेशाट, रुमाल हातात. क्रुप्का भिंतीशी. ब्लाझेना शेवटच्या रांगेत, दाराजवळ, तिची नेहमीची जागा. चित्र आणि आवाज अजून वेगवेगळ्या यंत्रांवर चालत होते, त्यांची खरखर भिंतीपलीकडून येत होती. मास्तर गावात आला तिथे कोणीतरी हसलं. मग बांध आला, दुपार आली. अंधारात तिला क्रुप्काचं डोकं एकदम वर झालेलं दिसलं. त्याने तुकडा ओळखला होता. आता तो उठणार, म्हणणार की हे मी कापलेलं नाही, आणि ते खरंच असेल. तो उठला नाही. वडिलांची टोपी निघाली, विधवेने टोपली ठेवली, लोहार, हानुश. वारा. आणि मग, केव्हातरी, घंटा.

चित्रपट संपला, दिवे लागले, सगळ्यांनी सेद्लाकच्या मानेकडे बघितलं. तो सावकाश बोलायचा. चांगला आहे, म्हणाला, माणसं खरी वाटतात. शेवट जरा लांबलाय. आणि ती घंटा उशिरा वाजते. पेशाट लगेच हसला. हो, हो, आमच्याही लक्षात आलं, तो म्हणाला, घाईत जरा हुकलंय, टेबलावरची बारीक चूक आहे, संध्याकाळपर्यंत बसवून टाकतो. आमच्या बाईंच्या हातून वर्षातून एकदा चूक होते, ती नेमकी तुमच्यासमोर व्हावी. मंडळी हसली. ते हसणं वाईट नव्हतं. सगळे मागे वळले आणि तिच्याकडे बघू लागले, आणि तिला कळलं की आता फक्त एक शब्द हवा आहे. चूक झाली. तो म्हटला की पेशाटचा घाम सुकेल, क्रुप्काचा चित्रपट सुटेल, वेंदुला त्या शाळेत जाईल, आणि संध्याकाळी ती घंटा दोन श्वास मागे घेईल. शब्द तोंडात तयार होता. त्या मान्यसारखाच हलका. तिने तोंड उघडलंही.

"चूक नाही ती," ब्लाझेना म्हणाली. तिचा आवाज मुळात लहान, त्या खोलीत तो आणखी लहान वाटला. "तसंच आहे ते. टोप्या आधी निघतात."

"घंटेच्या आधी?" सेद्लाकने विचारलं.

"हो."

"मग कोणाच्या सांगण्यावरून काढतात?"

"कोणाच्याच नाही, साहेब."

पेशाट काहीतरी बोलायला गेला. बुरूज लांब आहे, आवाज पोचायला वेळ लागतो, असं काहीतरी तो जुळवत होता, बिचारा, तिच्यासाठीच. सेद्लाकने त्याच्याकडे न बघता हात वर केला. रागावलेला नव्हता तो. काहीतरी हरवलंय आणि काय ते आठवत नाहीये, अशा माणसासारखा दिसत होता. एवढा भाग पुन्हा लावा, म्हणाला. भिंतीपलीकडे यंत्रं मागे फिरली, दिवे गेले. बांध आला. वडिलांनी टोपी काढली. हातातली टोपली ठेवली विधवेने. सेद्लाक पुढे झुकला होता, डोकं एका अंगाला कललेलं. त्या लांब मानेकडे बघताना ब्लाझेनाला वाटलं की हाही कुठल्यातरी गावचाच असणार, आणि लगेच वाटलं की असेल किंवा नसेलही, त्यावर आता काही अवलंबून ठेवायचं नाही. हानुशची टोपी खाली आली.

"थांबा. हे कोण बोलतंय?" सेद्लाक म्हणाला. "वाऱ्यात. कोणीतरी बोलतंय."

ध्वनीच्या माणसाने अंधारातून सांगितलं की वाराच आहे तो.

ब्लाझेना उठून उभी राहिली. "माझे वडील आहेत," ती म्हणाली. "प्रार्थना म्हणताहेत. मीच ठेवलीय ती तिथे. क्रुप्कांना माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं."

उद्या काय होणार हे तिला बरंचसं दिसत होतं. ही खोली नसेल, टेबल नसेल. कुठेतरी तळघरात जुन्या बातम्यांची रिळं गुंडाळायचं काम असेल, आणि घरी वेंदुलाला समोर बसवून सगळं सांगावं लागेल, न रडता. कदाचित चित्रपटही कपाटात जाईल. कदाचित दुसरं कोणी येईल आणि घंटा मागे सरकवील, त्याला फार वेळ लागणार नाही. हे सगळं दिसत असताना तिला मोकळा श्वास येत होता, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सेद्लाकने थांबा म्हटलं होतं, पण ते यंत्रांपर्यंत पोचलं नव्हतं, आणि आता पुन्हा सांगणं कोणाला सुचत नव्हतं. पेशाटचा रुमाल गुडघ्यावर पडून होता. भिंतीशी क्रुप्काने हात खिशांतून बाहेर काढले होते. तिच्या बोलण्यातच घंटा वाजून गेली होती, कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि पडद्यावर दुपार चालली होती.